पोवळ्यांच्या बेटावर मुक्काम कोणाचा?

रविवारच्या पुरवण्यांतून आणि आता पोरांच्या मोबाईलवरूनही एक जाहिरात वारंवार डोळ्यांपुढे येते. निळे पाणी, पांढरी वाळू, माडाच्या सावलीत गवताने शाकारलेली झोपडी आणि खाली एक ओळ, की हा मुक्काम आलिशान तर आहेच, शिवाय तो 'शाश्वत' आहे. इथे राहून तुम्ही समुद्रातल्या पोवळ्यांचे रक्षणच करता. एका रात्रीचे भाडे विचारले तर द्राक्षबागेत राबणाऱ्या माणसाची दोन महिन्यांची मजुरी त्यात जाते. आमच्या सायखेड्याच्या वस्तीत ही जाहिरात पाहून एका मुलीने विचारले, "पोवळे म्हणजे अंगठीत असते तेच ना? मग ते समुद्रात कसे?" या साध्या प्रश्नातून पुढचे सगळे घडले. वस्तीतल्या तीन घरांनी वर्षभर भिशी घातली आणि पोवळे जिथे आहे तिथे जाऊन पाहून आलो. आलिशान बेटावर नव्हे, आपल्याच महाराष्ट्रात, मालवणला.

जायचे ठरले तेव्हा वस्तीत कुरकूर झाली. आपली माणसे प्रवास करतात, नाही असे नाही. दीक्षाभूमी होते, चैत्यभूमी होते, महाडला जाणे होते. पण निव्वळ पाहण्यासाठी, चार दिवस आराम करण्यासाठी पैसा मोडायचा म्हटले की थोरली मंडळी बिचकतात. त्यात आम्ही ६ डिसेंबरला चैत्यभूमीला अभिवादन करून दुसऱ्या रात्री दादरहूनच पुढे कोकणची गाडी धरायची असे ठरवले होते. "बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि तिथून मौजेला जायचे, हे शोभते का?" असे एका काकांनी तोंडावर विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा मिळावी म्हणून त्यांनी विधेयक मांडले आणि १९४५ साली त्याचा कायदा झाला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगार हा यंत्राचा भाग नाही, त्याला विश्रांती, वाचन, बायकामुलांबरोबरचा वेळ हवा, ही भूमिका त्या कायद्यामागे होती. ओझर-नाशिकच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांना आज भरपगारी रजा मिळते, ती अशी आली आहे. बागेतल्या आणि कांद्याच्या खळ्यावरच्या मजुराला ती अजून नाही. त्याचा खाडा म्हणजे खाडाच. म्हणूनच वर्षभराची भिशी घालावी लागली. तिच्यात प्रवासखर्चाबरोबर चार दिवसांच्या बुडीत मजुरीचीही रक्कम आम्ही धरली होती. हे ऐकल्यावर काका काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी आपली वळकटी बांधायची पिशवी मात्र आणून दिली.

आता त्या आलिशान बेटांविषयी थोडे. निफाड तालुक्यातून रोज धडधडत जाणाऱ्या एका गाडीच्या नावातच ते बेट आहे: मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. अरबी समुद्रातल्या या लक्षद्वीपची ३६ बेटे मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर आहे. वस्ती १० बेटांवर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती आणि इथले बहुतेक मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. बाहेरच्या माणसाला परवाना काढल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. बेटेच पोवळ्यांची बनलेली. अशा बेटाखाली पावसाचे गोडे पाणी एका पातळ थरासारखे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहिरी कायमच्या बिघडतात. म्हणूनच २००५ साली कवरत्ती बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभारावा लागला. दिवसाला एक लाख लिटर पाणी देणारा. एवढ्या जपून वापरायच्या पाण्यावर २०२३ साली ताज हॉटेलच्या कंपनीने सुहेली आणि कदमत या दोन बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची दोन हॉटेले जाहीर केली. त्यांतल्या काही खोल्या जमिनीवर नसून थेट पाण्यावर उभ्या राहणाऱ्या आहेत. पाणी, वीज आणि कचरा यांची सोय ते लोक करतीलच. आमचा प्रश्न एवढाच, की ११० खोल्यांतले पाहुणे एका दिवसात किती पाणी सांडतात आणि शेजारच्या बेटावरची बाई किती भरते, हा हिशेब 'शाश्वत' या शब्दात कुठे मांडलेला असतो?

लक्षद्वीपच्या दक्षिणेला मालदीव. तिथला पहिला पर्यटक मुक्काम १९७२ साली सुरू झाला. एका निर्जन बेटावर एकच हॉटेल, अशी तिथली रीत. कितीतरी वर्षे वस्तीच्या बेटांवर सामान्य माणसाला पाहुणे ठेवायची मुभाच नव्हती; ती मिळाली २००९ नंतर. म्हणजे समुद्र त्यांचा, मासळी त्यांची, आणि पाहुण्यांचा पैसा मात्र पलीकडच्या बेटावर. आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. हे मालदीव ११५३ सालापर्यंत बौद्ध होते. तिथे दगड नाही, म्हणून तिथल्या लोकांनी पोवळ्यांच्याच दगडात तथागतांच्या मूर्ती कोरल्या, स्तूप बांधले. त्यांतले वाचलेले अवशेष माले शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये राजकीय गोंधळात जमाव आत शिरला आणि त्यातले बहुतेक फोडून टाकले. जाहिरातीतल्या निळ्या पाण्यामागे असाही इतिहास आहे, पण त्याची ओळ जाहिरातीत नसते.

मालवणला उतरायचे ठरल्यावर पहिले काम मुक्कामाचे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. कोकणी घरासारख्या खोल्या, समोर समुद्र. याशिवाय महामंडळाच्या न्याहरी-निवास योजनेत गावकरी आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. आम्हाला घरगुती मुक्काम हवा होता, कारण तो स्वस्त, आणि मुलांना मासेमारी जवळून दिसावी ही हौस. एका ठिकाणी फोन केला. खोल्या आहेत म्हणाले, दरही सांगितला. मग विचारले, "आडनाव काय आपले?" सांगितले. थोडा वेळ पलीकडे शांतता. "चार दिवसांनी कळवतो," म्हणाले. चार दिवस गेले, आठ गेले. आम्ही पुन्हा केलेला फोन उचलला नाही.

बंधू-भगिनींनो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना भाड्याची खोली शोधताना आलेला असेल, म्हणून त्याचे फार वर्णन करत नाही. पण एक लक्षात ठेवा. घटनेच्या १५ व्या कलमात बाबासाहेबांनी आणि घटना समितीने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्याच वाक्याच्या पुढच्या भागात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते येतात. जातीच्या कारणाने यांपैकी कुठेही कोणाला अडवता येत नाही. १९२७ सालचे चवदार तळे आणि १९३० सालचा आपल्या नाशिकचा काळाराम सत्याग्रह त्या कलमाच्या पाठीशी आहे. सरकारी निवासस्थानात आडनाव लिहावे लागते, पण त्यावरून खोली नाकारता येत नाही, ही त्याची मोठी सोय आम्ही मानतो. मोठ्या हॉटेलात आडनाव कोणी विचारत नाही हे खरे. तिथे आधी पैसे विचारतात, आणि आपली माणसे तिथे पोचतात ती बहुधा मागच्या दाराने, कामाला. म्हणून 'पर्यावरणस्नेही' पाटी पाहिली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो संडासाचा. टाकी कोण उपसते? हाताने मैला उपसायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राने उपसत असतील तर गाळ कुठे टाकतात, समुद्रात की जमिनीवर? हा प्रश्न पाहुण्याने बेधडक विचारावा. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर बाकीच्या हिरव्या गोष्टी ऐकत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा फोन एका मच्छीमाराच्या घरी लागला. त्या गृहस्थांनी एवढेच विचारले, की किती माणसे, मासे खाणारी किती आणि मुले लहान आहेत का. दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी तुतारी एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा कुडाळला पोचते. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एस.टी. आहे, रिक्षाही आहेत. जाहिरातीतल्या बेटाच्या एका रात्रीच्या भाड्यात आमच्या एका कुटुंबाचा चार दिवसांचा मुक्काम, जेवण, होडी आणि रेल्वे असे सगळे भागले, आणि येताना कोकम आणायलाही पैसे उरले.

पोवळे म्हणजे काय, हे मुलांना आधी समजावून सांगावे, म्हणजे पाहताना मजा येते. पोवळे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे किंवा थोडे मोठे असे असंख्य जीव एकमेकांना चिकटून वस्ती करतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. जुने जीव मरतात, त्यांच्या घरावर नवे बसतात, आणि शेकडो वर्षांत खडक तयार होतो. गोल डोक्यासारखी पोवळी वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. या जिवांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात. त्या उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देतात. पोवळे त्यांना आसरा देते. रंगही बराचसा त्यांचाच. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभराने जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, तर ही जोडी फुटते. वनस्पती बाहेर पडतात, पोवळे पांढरे फटक होते आणि उपासमारीने मरू लागते. १९९८ साली जगभर असे झाले, २०१० मध्ये झाले, २०१४ ते २०१७ मध्ये झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा तसे जाहीर केले. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग पोवळ्यांनी व्यापलेला नाही, पण समुद्री जिवांच्या जातींपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या आधाराने जगतो. कोळ्याच्या जाळ्यात येणाऱ्या पुष्कळ माशांचे बालपण तिथेच जाते.

सूर्यप्रकाश हवा म्हणून पोवळ्याला स्वच्छ पाणी लागते. गाळ आला की ते गुदमरते. आमच्या दारावरून वाहणारी गोदावरी पश्चिम समुद्राच्या इतक्या जवळ त्र्यंबकला जन्मते, पण त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते आणि आपल्या शेतांची माती तिथे नेऊन टाकते. तिच्या मुखाशी पोवळ्याला थारा नाही. मालवणला किनाऱ्यालगतच्या खडकांवर, उथळ पाण्यात, पोवळ्यांचे तुकडे तुकडे तगून आहेत. पावसाळ्यात तिथेही पाणी गढूळ असते. डिसेंबर-जानेवारीत ते निवळते.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे गेली तेव्हा आमच्यातल्या बायका गप्प झाल्या. सायखेड्याच्या माणसाला पाणी नवे नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी घरांत शिरली होती. भांडी, धान्य, पोरांची दप्तरे सगळे गाळात गेले. पाणी म्हणजे धावपळ, हेच अंगात बसलेले. मौजेसाठी त्यात तोंड घालायचे हे आमच्यापैकी एकीनेही कधी केले नव्हते. तरंगायचे जाकीट, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, हाताला धरायला रबरी कडे, असा सगळा सरंजाम. पोहता येण्याची गरज नाही. पोरे पटापट उतरली. साठी ओलांडलेल्या आत्याबाई मात्र होडीची कड सोडीनात. होडीवाला पोरगा पाण्यातूनच म्हणाला, "भियाव नको गे आये, मी हंयसरच आसंय." आत्याबाई लुगड्याचा काचा घट्ट करून उतरल्या. अर्धा मिनिट चेहरा पाण्यात. वर आल्या त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा तोंड खाली घातले. मग त्यांना वर काढायला आम्हालाच हाका माराव्या लागल्या. "खाली अख्खं गाव हाय की," एवढेच त्या नंतर म्हणाल्या.

खाली दिसते ते जाहिरातीइतके रंगीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पिवळट, तपकिरी, हिरवट गोल पोवळी, मेंदूसारख्या वळ्या असलेली काही, आणि त्यांच्यातून फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. काही ठिकाणी मोडलेले, मेलेले तुकडेही दिसतात. नांगर नेमका पोवळ्यावर टाकला जातो, ओहोटीला लोक त्यावरून चालतात, फोटोसाठी मासे जमावेत म्हणून पाव कुस्करून टाकतात. हा पावाचा प्रकार आम्हाला अजिबात आवडला नाही. आमच्या होडीवाल्याला आधीच सांगितले की पाव टाकू नका, आणि त्याने ऐकले. पाहुण्यांनीच मागितले नाही तर तो तरी कशाला टाकील? पोवळ्याला हात लावू नये, पाय तर मुळीच ठेवू नये. पाण्यात उतरण्याआधी अंगाला क्रीम फासू नये. काही क्रीमांतले रसायन पोवळ्याला मारक ठरते, म्हणून अमेरिकेतल्या हवाई बेटांनी २०१८ साली कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. किनाऱ्यावर कोणी पोवळ्याचा तुकडा विकायला आणलाच, तर घेऊ नये. खडक बांधणारी पोवळी २००१ पासून वाघाच्या बरोबरीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत.

सिंधुदुर्ग किल्ला कुरटे नावाच्या बेटावर उभा आहे. नोव्हेंबर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे काम सुरू केले आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. तट जवळजवळ तीन किलोमीटरचा, क्षेत्र ४८ एकर. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. बेटावर मुक्काम करायचा तर आधी पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो, हे त्या काळच्या माणसांना चांगले कळत होते. आजही काही मोजकी घरे किल्ल्यात आहेत. मुलांना आम्ही त्या विहिरींजवळच लक्षद्वीपच्या पाण्याची गोष्ट सांगितली. तिथे ती लगेच समजली.

संध्याकाळी घरमालकांशी बोलणे होई. किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र एप्रिल १९८७ मध्ये सरकारने सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्याला मच्छीमारांनी मोठा विरोध केला होता. आपल्याला न विचारता आपले पाणी आखून टाकले, उद्या जाळे टाकायलाही बंदी येईल, ही त्यांची भीती. शहरातल्या माणसाला हा विरोध अडाणीपणाचा वाटतो. आम्हाला तसे वाटले नाही. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना बाजूला सारून पोवळी वाचवायची आणि मग तिथे हॉटेल उभे करायचे, यात कोणाचे रक्षण होते? उलट ज्या घरांना पोवळी दाखवून चार पैसे मिळतात, ती घरे पोवळ्यांवर नांगर टाकू देत नाहीत. २०१० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात स्थानिक तरुणांना पाण्याखाली पर्यटक नेण्याचे शिक्षण मिळाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर २०१७ पासून स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. आपल्या महिला मंडळांनी जाऊन पाहण्याजोगे काम आहे.

पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. दोन्ही टोकांना तीसचाळीस माणसे, म्हातारी आणि पोरेही, एका तालात दोर ओढतात आणि मासळीचे वाटे पडतात. आम्हीही हात लावला. टोपल्या डोक्यावर घेऊन बायका बाजाराकडे निघाल्या तेव्हा माता रमाईच्या वडिलांची आठवण झाली. भिकू धोत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून घर चालवत. रमाईचे बालपण त्या टोपल्यांच्या मजुरीवर गेले. घरमालकांना आम्ही नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांची गोष्ट सांगितली. तिथे ८ व्या क्रमांकाच्या लेण्यात मुगूदास नावाच्या माणसाने कुटुंबासह ते लेणे दान दिल्याचा लेख आहे, आणि त्याच्या नावामागे 'दासक' असा शब्द आहे. अभ्यासक त्याचा अर्थ कोळी असा लावतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका कोळ्याने भिक्खूंच्या मुक्कामासाठी डोंगर कोरून दिला. ते ऐकून घरमालक हसले आणि म्हणाले, "म्हणजे पाहुणे ठेवायचा धंदा आमचा जुनाच!" नाशिकला येऊन ते लेणे पाहायचे त्यांनी कबूल केले आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्या बंद असतात. तिकिटे दोन महिने आधी काढावीत. होडीत जाकीट अंगावर बांधल्याशिवाय बसू नये, आणि माणसे जास्त भरत असतील तर उतरून दुसरी होडी पाहावी. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले होते. बायकांनी पंजाबी पोशाख नेला तर पाण्यात सोपे जाते, पण आत्याबाईंचे लुगड्यातही काही अडले नाही. जेवणात बांगडा, सोलकढी आणि घावणे मिळतात. न खाणाऱ्यांची उसळ आधी सांगितली तर होते.

आमच्या भिशीत यंदा पाच घरे झाली आहेत. त्यांतल्या एकीची सासू गुडघ्याने अधू आहे, तिला धक्क्याच्या पायऱ्यांवरून होडीत कसे घ्यायचे, याची विचारणा आम्ही मालवणला फोन करून केली. ओहोटीला पायरी खाली जाते, भरतीच्या वेळी आणा, होडी अगदी काठाला लागते, असे उत्तर आले.